बाळंतिणीच्या खोलीतले शब्द

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळी हे गाव आहे. पपनसासारख्या चकोत फळासाठी ते कानडी मुलखात प्रसिद्ध आहे. आणि २००८ साली बंगळूरचा नवा विमानतळ त्याच्या शिवाराला लागून सुरू झाल्यापासून परप्रांतीयांच्याही कानांवरून त्याचे नाव जाऊ लागले आहे. गावात एक जुना दगडी किल्ला आहे. किल्ल्याच्या बाहेर, थोड्याच अंतरावर, खांबांनी वेढलेली एक लहानशी जागा आणि तिच्यात एक शिलालेख आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास टिपू सुलतान जन्मला तो येथे, असे त्यावरून कळते. गावोगावी वीरांच्या मृत्यूची स्मारके असतात. ते जेथे जन्मले ती जागा जपून ठेवलेली क्वचितच आढळते. आणि जेथे ती जपली जाते, तेथेही त्या घटकेला त्या खोलीत कोण होते, सुईण कोण होती, तिने कोणत्या शब्दांनी आईला धीर दिला, याची नोंद कोणी ठेवत नाही.

ती नोंद ठेवली आहे ती भाषेने. बाळंतपण हा माणसाचा सर्वांत जुना व्यवहार, आणि त्याच्या भोवतीचे शब्दही तितकेच जुने. आज बहुतेक बाळंतपणे इस्पितळात होतात. पण त्या पांढऱ्या भिंतींच्या आत जे शब्द ऐकू येतात ते नाना देशांतून आणि नाना काळांतून आलेले असतात. देवनहळ्ळीसारख्या ठिकाणी तर कानडी, तेलुगू, दखनी उर्दू आणि मराठी या चार भाषा एका खाटेभोवती उभ्या राहू शकतात. मराठीला हा मुलूख काही नवा नाही. १६३८ साली बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते. तेव्हापासून मराठी बोलणारी घराणी या भागात आहेत, आणि आता नोकरीधंद्यासाठी नव्याने येणाऱ्यांची त्यांत भर पडली आहे.

अशाच एखाद्या नव्याने आलेल्या कुटुंबातील लेक बाळंत व्हावी, तिची आई सांगलीकडून मदतीला आलेली असावी, आणि तिला कानडीचा गंध नसावा, अशी कल्पना करावी. मूल जन्मले, त्याचा आवाजही ऐकू आला. दाराशी उभी असलेली ती आई आत-बाहेर करणाऱ्या परिचारिकेला काकुळतीने विचारते, “वार पडली का हो?” परिचारिका क्षणभर थांबते आणि समजुतीच्या स्वरात काहीतरी सांगते. त्यातला ‘वारा’ एवढाच शब्द आईला कळतो. कानडीत ‘वारा’ म्हणजे आठवडा. मुलीला किती दिवस येथे ठेवणार असे ही बाई विचारते आहे, असा परिचारिकेचा समज झालेला असतो. आणि उत्तरात आपल्या प्रश्नाला काहीतरी वाईट जबाब मिळाला, असा आईचा. कानडीत वारेला ‘मासु’ म्हणतात, आणि तो शब्द मराठी बाईच्या कानावर पडला तर तिला तो मासळीचा वाटेल!

गोष्ट हसण्यासारखी आहे. पण त्या आईचा प्रश्न हसण्यासारखा नाही. मूल झाले तरी बाळंतपण संपत नाही, वार पडल्यावर संपते, हे तिला तिच्या आजीने सांगितलेले असते. आधुनिक वैद्यकही तेच सांगते. वार आत अडून राहिली तर रक्तस्राव थांबत नाही, आणि बाळंतिणींच्या मृत्यूच्या कारणांत अतिरक्तस्राव हे एक प्रमुख कारण आहे. म्हणजे दोन अक्षरांच्या त्या शब्दात पिढ्यान्‌पिढ्यांचे भय आणि शहाणपण साठलेले आहे. याच अवयवाला युरोपीय वैद्य ‘प्लासेंटा’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पोळीसारखा चपटा केक. इटलीतील रेआल्दो कोलोम्बो या शरीरशास्त्रज्ञाने १५५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, आकार पाहून, हे नाव योजिले. त्याने अवयवाचे रूप पाहिले. आपल्या आजीबाईंनी तो केव्हा पडतो इकडे लक्ष ठेवले. दोघांच्या दृष्टीतला हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

खुद्द ‘बाळंतीण’ हा शब्द पाहावा. ‘बाळवंत’, म्हणजे जिला बाळ आहे ती. त्याचे झिजून ‘बाळंत’ झाले, आणि ‘शेजारीण’, ‘सुतारीण’ यांतला ‘ईण’ प्रत्यय लागून ‘बाळंतीण’ हे रूप सिद्ध झाले. तेलुगूत हिलाच ‘बालिंत’ म्हणतात आणि कानडीत ‘बाणंति’. आपल्या बाळंतपणाला कानडीत ‘बाणंतन’ असा शब्द आहे. तेव्हा आपल्या कथेतील आईने ‘वार’ न म्हणता ‘बाळंतीण कशी आहे’ एवढेच विचारले असते, तर परिचारिकेला ते बहुधा दुभाष्यावाचून उमगले असते! तीन भाषांच्या तीन बायकांनी तिला तिच्या दुखण्यावरून नव्हे, तर तिच्या कुशीतल्या बाळावरून ओळखले आहे. प्राचीन रोमन लोकांनीही तेच केले. त्यांचा ‘पुएरपेरा’ हा शब्द ‘पुएर’ म्हणजे मूल आणि ‘पारेरे’ म्हणजे प्रसवणे या दोहोंपासून झालेला आहे.

त्याच ‘पारेरे’पासून इंग्रजीतला ‘पेरेंट’ हा शब्द आला. आज तो आई आणि बाप दोघांनाही लागतो. मुळात त्याचा अर्थ ‘प्रसवणारी’ असाच आहे. गमतीची गोष्ट अशी की कानडीतही नेमके हेच घडले आहे. कानडीत प्रसवणे म्हणजे ‘हेरु’; त्यावरून प्रसूतीला ‘हेरिगे’ आणि प्रसूतिगृहाला ‘हेरिगे आस्पत्रे’. आणि आईबापांना म्हणतात ‘हेत्तवरु’, म्हणजे ज्यांनी प्रसवले ते. हा ‘हेरु’ जुन्या कानडीत ‘पेऱु’ होता. तामिळीत आजही ‘पेऱु’ म्हणजे मिळविणे, लाभणे, आणि प्रसवणेही. मध्ययुगात कानडीतला आरंभीचा ‘प’ जाऊन तेथे ‘ह’ आला. ‘पाल’ म्हणजे दूध, त्याचे ‘हालु’ झाले. आणि ‘पळ्ळि’ म्हणजे खेडे, त्याचे ‘हळ्ळि’ झाले. तेव्हा ‘देवनहळ्ळी’ या नावातला ‘ह’ आणि तेथल्या इस्पितळातील ‘हेरिगे’ या शब्दातला ‘ह’ हे एकाच फेरबदलाचे साक्षीदार आहेत. गावाचे नाव आणि बाळंतपणाचे नाव एकाच वेळी बदलले, आणि कोणाच्या ते ध्यानीही आले नाही.

संस्कृतात प्रसवण्याचा धातू ‘सू’ हा आहे. ‘प्रसूती’ त्यातूनच आली, ‘सूतिका’ त्यातूनच, आणि ‘सुत’, ‘सुता’ हेही त्यातलेच. मुलाला संस्कृतात ‘सूनु’ म्हणतात. इंग्रजीचा ‘सन’ आणि जर्मनांचा ‘झोन’ हे त्याचे दूरचे भाऊ होत. प्राकृतातून ओघळत आलेला आपला ‘सुईण’ हा शब्दही याच घराण्यातला आहे. कित्येकांना तो सुईवरून आला असे वाटते. पण शिवण्याची सुई ही ‘सूची’ची लेक आणि सुईण ही ‘सूति’ची. दोघींचे चेहरे काळाने सारखे करून टाकले, इतकेच. कानडीत सुइणीला ‘सूलगित्ति’ म्हणतात. तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्याच्या नरसम्मा यांना तर लोकांनी हेच नाव बहाल केले होते. पंधरा हजारांहून अधिक बाळंतपणे त्यांनी केली, तीही बहुतांशी मोबदल्यावाचून. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या निवर्तल्या. एखाद्या धंद्याचे नाव हीच एखाद्या व्यक्तीची पदवी व्हावी, यापरता त्या शब्दाचा गौरव कोणता?

परंतु ‘सू’ धातूच्या सगळ्याच लेकरांचे नशीब असे चांगले नाही. ‘सूतक’ हा शब्द पाहावा. मुळात तो जन्माचा शब्द. मूल झाल्यावर घराला येणारे जे अशौच ते सूतक. पुढे मृत्यूच्या अशौचालाही तेच नाव लागले, आणि मराठीत तर ‘सुतक’ म्हटले की मृत्यूच आठवतो. जन्माच्या वाट्याला ‘सोयर’ किंवा ‘सुवेर’ हा निराळा शब्द उरला. आता दोन्ही जोडून ‘त्याला कशाचेच सोयरसुतक नाही’ असे आपण सहज बोलून जातो. जन्माच्या आनंदाचा शब्द मरणाच्या दारात जाऊन उभा राहावा, हा केवळ भाषेचा लहरीपणा नव्हे. जुन्या काळी जन्म आणि मृत्यू एकाच अंधाऱ्या खोलीत, एकाच बाजेवर, कित्येकदा एकाच रात्री घडत. शब्दांना हे ठाऊक होते.

तीच गोष्ट ‘सटवी’ची. षष्ठी म्हणजे जन्मानंतरची सहावी रात्र. त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिणारी देवी ती षष्ठी. तिचीच सटवी, सटवाई झाली. पहिल्या आठवड्यालाच एवढे महत्त्व का? अस्वच्छ विळीने किंवा पात्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात होई, आणि त्याची लक्षणे बहुधा याच दिवसांत दिसू लागत. कारण कळत नव्हते. दिवस मात्र लक्षात राहिला होता, आणि त्या दिवसाला देवीचे नाव मिळाले. हा धोका टळला, बाराव्या दिवशी बारसे झाले, मगच मुलाला नाव. नाव ठेवण्याची घाई न करण्यात केवढी भीती दडलेली आहे! मातांना लस टोचून आणि स्वच्छ प्रसूतीचा प्रसार करून बाळंतपणातला हा धनुर्वात भारताने आटोक्यात आणला, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी ग्वाही दिली. देवी मात्र भाषेत अडकून राहिली, आणि तीही शिवीच्या रूपाने. जिच्या पुढे आया हात जोडीत, तिचे नाव भांडणात एका बाईने दुसरीला द्यावे, अशी शब्दांची अवनती क्वचितच पाहावयास मिळते.

गोड शब्दही पुष्कळ आहेत. ‘डोहाळे’ हा संस्कृत ‘दोहद’चा अवतार. गर्भिणीला दोन हृदये असतात, एक तिचे आणि एक बाळाचे. म्हणून तिची इच्छा ती दोघांची इच्छा, असे सुश्रुताने सांगितले आहे. काही पंडित या शब्दाचा उगम ‘दौर्हृद’ म्हणजे जिवाच्या मळमळीत शोधतात. परंतु ‘दोन जिवांची’ म्हणणाऱ्या मराठी बाईला सुश्रुताचेच म्हणणे पटेल. ‘वेणा’ म्हणजे वेदना. ‘पान्हा’ हा ‘प्रस्नव’, म्हणजे पाझरणे. आणि ‘माहेर’, जेथे पहिल्या बाळंतपणाला जावयाचे, ते ‘मातृगृह’. ‘गाभा’ आणि ‘गाभण’ दोन्ही गर्भाचीच रूपे, आणि देवळाचा ‘गाभारा’ म्हणजे ‘गर्भागार’. गोठ्यातल्या गाईचे आणि देवाच्या मूर्तीचे नाते जोडणारा हा शब्द रचणारे लोक काही साधे नव्हेत. गर्भ या शब्दाचा एक आप्त ग्रीक भाषेत ‘डेल्फिस’ या रूपाने आढळतो. त्यावरून ग्रीक लोक भावाला ‘अडेल्फॉस’, एका कुशीतला, असे म्हणत. आपला ‘सहोदर’ तेच सांगतो.

‘नाळ’ हा मुळात कमळाचा देठ. पाण्याखालच्या चिखलातून फुलापर्यंत रस नेणारी ती पोकळ दांडी पाहून कोणाला तरी बाळाच्या बेंबीची आठवण झाली असावी. कानडी माणसाला कमळ आठवले नाही, वेल आठवली. तो तिला ‘होक्कुळ बळ्ळि’, बेंबीची वेल, असे म्हणतो. रक्ताच्या नात्याला तो ‘करुळ बळ्ळि’, आतड्याची वेल, म्हणतो. आपणही ‘आतडे तुटते’ असे म्हणतोच. ज्या गावी नाळ पुरली त्या गावाची ओढ सुटत नाही, अशी मराठी समजूत आहे. आता नाळ इस्पितळात कापली जाते आणि कचऱ्याबरोबर नष्ट केली जाते. तरी ‘मातीशी नाळ’ ही भाषेतून गेलेली नाही. देवनहळ्ळीत जन्मलेल्या मराठी मुलाची नाळ कोठली म्हणावयाची, हा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवावयाचा आहे.

इंग्रजी अंमलाबरोबर इस्पितळ आले आणि त्याच्याबरोबर नव्या शब्दांचा लोंढा आला. हे शब्द परके म्हणून कोरडे मानण्याची चाल आहे. पण त्यांच्या अंतरंगात शिरले की ओळखीची माणसे भेटतात. ‘डिलिव्हरी’च्या मुळाशी लॅटिनमधील मुक्त करणे हा अर्थ आहे. मुक्त व्हावयाची ती मूल नव्हे, आई. ‘बाई मोकळी झाली’, ‘सुटका झाली’ असे खेड्यातली सुईण सांगते ते याहून निराळे काय? ‘मिडवाइफ’मधला ‘मिड’ म्हणजे मध्य नव्हे, तर ‘सोबत’. सोबत असलेली बाई ती मिडवाइफ. ‘वॉर्ड’च्या मुळाशी राखणे, पहारा करणे हा अर्थ आहे. ‘हॉस्पिटल’च्या मुळाशी ‘होस्पेस’ हा असा शब्द आहे की जो यजमान आणि पाहुणा या दोघांनाही लागे. आणि ‘आया’ ही पोर्तुगीजांबरोबर आली. तिचे मूळ लॅटिन ‘आविया’, म्हणजे आजी.

मात्र एका ठिकाणी नव्या शब्दांनी घोटाळा केला आहे. ‘रुग्ण’ म्हणजे मोडलेला; ‘रुज्’ म्हणजे मोडणे या धातूपासून तो झाला. ‘पेशंट’ म्हणजे सोसणारा. बाळंत होणारी बाई सोसते हे खरे, पण ती मोडलेली असते काय? चरकाने सूतिकागार कसे असावे ते सांगितले आहे. नववा महिना लागण्यापूर्वीच ते चांगल्या जागी बांधावे. तेथे पाणी, अग्नी, न्हाणीघर यांची सोय असावी. आणि जवळ ज्यांना पुष्कळ मुले झालेली आहेत अशा, मायाळू, अनुभवी स्त्रिया असाव्यात. ते घर सूतिकेचे होते, रुग्णाचे नव्हते. त्याच्या उलट अनुभव १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या वैद्याला आला. तेथे सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात कितीतरी अधिक बायका बाळंतज्वराने दगावत. कारण शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत. हात क्लोरिनच्या पाण्याने धुण्याचा नियम त्याने घातला आणि मृत्यू झपाट्याने उतरले. तेव्हा जुने सगळे मंगल आणि नवे सगळे अमंगल, असाही निवाडा देता येत नाही, आणि याच्या उलटही देता येत नाही. घरच्या सुइणीची माया आणि इस्पितळातले धुतलेले हात, या दोहोंची भेट घडली पाहिजे.

ती भेट घडावी असे वाटणारी एक मराठी मुलगी होऊन गेली. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला, आणि तो दहा दिवसांतच गेला. त्या दुःखातून त्या अमेरिकेपर्यंत पोहोचल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. म्हणजे परक्या देशात, परक्या भाषेत, त्या आपल्याच सूतिकागृहाचे दार उघडून पाहत होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली; पण काम सुरू करण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षात त्या निवर्तल्या. त्याच सुमारास, १८८६ साली, मुंबईत स्त्रियांसाठी कामा इस्पितळ उघडले. १९३५ साली बंगळुरात वाणीविलास इस्पितळ सुरू झाले, आणि आजही त्या शहराच्या आसपासच्या गावांतल्या अडलेल्या बायका तेथे आणल्या जातात.

सरकारी योजनांनाही आता हे शब्दांचे मर्म थोडेफार उमगलेले दिसते. २००५ साली सुरू झालेल्या योजनेला ‘रुग्ण’ न म्हणता ‘जननी’ हे नाव दिले गेले. कर्नाटकात गरोदर बाईच्या नोंदवहीला ‘तायि कार्ड’ म्हणतात. ‘तायि’ म्हणजे आई. बाळंतिणीला कपडे, पांघरूण, साबण असे साहित्य देण्याची जी योजना तेथे निघाली तिचे नाव होते ‘मडिलु’. मडिलु म्हणजे ओटी. माहेरी ओटी भरावी तशी सरकारने ओटी भरावी, अशी ती कल्पना. त्या पेटीत काय होते आणि काय नव्हते यावर वाद होऊ शकेल. नावात माया होती, एवढे खरे.

आणि शेवटी त्या दाराशी उभ्या असलेल्या आईकडे वळावे. तिचा प्रश्न चुकीच्या भाषेत होता. पण तिने ज्यांना हाका मारल्या ती नावे कोणत्याही भाषेत कळण्यासारखी होती. परिचारिकेला ती ‘सिस्टर’ म्हणाली, म्हणजे बहीण. फरशी पुसणाऱ्या बाईला ती ‘मावशी’ म्हणाली, म्हणजे आईची बहीण. कानडी बायका तेथे एकमेकींना ‘अक्का’ म्हणून हाक मारीत होत्या, म्हणजे थोरली बहीण. आणि कोपऱ्यातली ‘आया’ तर शब्दाच्या मुळाने आजीच होती. चरकाने सांगितलेल्या त्या मायाळू, अनुभवी स्त्रिया नावांच्या रूपाने अजून तेथे हजर आहेत. नावाप्रमाणे वागणे तेवढे ज्याचे त्याच्या हाती. आत वार केव्हाच पडली होती. एका अक्काने हाताच्या खुणेने ते सांगितले, आणि आईने पदराने डोळे पुसले.